धरणाचा विसर्ग आणि अडकणारी माशांची पिल्लं: मॉडेल करताना या चुका टाळा

मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात येतं आणि तिथून पुढे कुंडलिकेत. कोलाडचं राफ्टिंग सकाळी सुटणाऱ्या याच पाण्यावर चालतं. वीजनिर्मिती थांबली की नदी झरझर उतरते. काठच्या उथळात असलेली मत्स्यबीजं, बोटुकल्या (बोटभर पिल्लं) यांना खरा धोका तेव्हाच. काही गोट्यांवर कोरड्या पडतात, काही डबक्यांत कोंडतात. मुंबईत बसून अशा नदीचं संगणकावर मॉडेल करणारे मात्र बहुतेक सगळी मेहनत कमाल विसर्गावर खर्च करतात. पूररेषेसाठी ते ठीक, माशांसाठी पाणी उतरतं ती बाजू महत्त्वाची.

पहिली चूक म्हणजे रोजची सरासरी वापरणं. समजा, ६ तास ४० घनमीटर प्रति सेकंद आणि उरलेले १८ तास २. सरासरी येते ११.५, जी नदीत कधी टिकतच नाही. पंधरा मिनिटांच्या, निदान तासाच्या नोंदी मिळवा. मिळत नसतील तर नदीतच पातळी नोंदवणारा सेन्सर बसवा. खरं तर तो बसवावाच, कारण विसर्ग किती घटला यापेक्षा त्या काठावर पाणी ताशी किती सेंटिमीटर उतरलं हे माशाला कळतं. अरुंद घळीत आणि पसरट पात्रात हा आकडा वेगळा येतो. शिवाय वीजगृहापासून जसजसं खाली जावं तसतसा पाण्याचा उतार सौम्य होतो आणि उशिरा पोचतो.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक तळाच्या नकाशाची. एसआरटीएमचा (अंतराळातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा) ३० मीटरचा फुकट डेटा उतरवून थेट एचईसी-रास या नदीच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये घालतात. त्यात उंचीची चूक मीटरांत असते, आपला प्रश्न असतो वीस सेंटिमीटर पाण्याचा. त्यातून ते रडार पाण्याखालचा तळ पाहतच नाही. उन्हाळ्यात पाणी बंद असताना ड्रोनने उघडं पात्र टिपा, पाण्याखालचं आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) किंवा टोटल स्टेशन या सर्वेक्षणाच्या यंत्राने मोजा. पावसाळ्यात गोट्यांचे पट्टे सरकतात, म्हणून गेल्या वर्षीचा नकाशा गृहीत धरू नका.

नकाशा चांगला असूनही डबकी दिसत नसतील तर जाळी, म्हणजे मॉडेल नदीला ज्या चौकटींत विभागतं ती, तपासा. एचईसी-रासच्या द्विमितीय मॉडेलमध्ये एका चौकटीत पाण्याची पातळी एकच असते. डबकं आणि नदी यांच्यामधला उंचवटा चौकटीच्या मधोमध आला, तर मॉडेलला तो अडसर वाटत नाही आणि कोंडलेलं पाणी नदीला जोडलेलंच दिसतं. अशा उंचवट्यांवर ब्रेकलाइन, म्हणजे चौकटींच्या कडा उंचवट्यावर आणणारी रेषा, टाका. उलट गडबडही होते. मॉडेलमधलं डबकं तासन्‌तास भरलेलं राहतं, कारण वाळूत झिरपणं त्यात धरलेलंच नसतं. प्रत्यक्षात ते आटतं, तापतं, बगळे येतात.

पाणी उतरण्याच्या वेगाची सुरक्षित मर्यादा म्हणून ताशी १० सेंटिमीटर हा आकडा सर्रास उचलला जातो. तो नॉर्वेतल्या ट्राउट माशाच्या अभ्यासातून आला आहे. तिथे थंड पाण्यात पिल्लं दिवसा दगडांखाली लपतात आणि पाणी उतरलं तरी जागा सोडत नाहीत. आपला महसीर किंवा खवली तशीच वागेल असं धरायला आधार लागतो. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा पाहा.

कोरडं पडलेलं क्षेत्र गुणिले माशांची घनता म्हणजे मेलेले मासे, हा हिशोबही सोडा. बरीच पिल्लं पाण्याबरोबर मागे सरकतात, आणि रोज तोच काठ उघडा पडत असेल तर रोज तितकीच पिल्लं तिथे येत नाहीत. पहिल्या पावसात वलगणीला, म्हणजे अंडी घालायला, शेतात चढलेले मासे उघडीप पडल्यावर अडकतात, तो आकडाही धरणाच्या नावावर जाऊ देऊ नका.

खाडीजवळच्या भागात अजून एक भानगड. कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीला मिळते, तिथे दिवसातून दोनदा ओहोटी पाणी खेचते. मॉडेलच्या खालच्या टोकाला पात्राचा एकच ठराविक उतार देऊन मोकळे झालात तर ओहोटीची घट विसर्गाच्या खात्यात जमा होते. तिथे भरती-ओहोटीची तासातासाची पातळी द्या, किंवा अभ्यास भरतीच्या हद्दीच्या वरच संपवा.

मॉडेल ताडून पाहायला पाणी उतरल्यावर काठाने चाला, मॉडेलने दाखवलेली आणि न दाखवलेली, दोन्ही डबकी मोजा. निघण्यापूर्वी वीजगृहाकडून आणि राफ्टिंगवाल्यांकडून पुढचं पाणी कधी सुटणार ते विचारून घ्या.