अमेरिकेच्या विमानतळावर बॉडी स्कॅनर: आई-बाबांसाठी

बॉडी स्कॅनर म्हणजे सुरक्षा तपासणीत आत उभं राहायचं यंत्र. आईचा पहिला प्रश्न, "त्यात सगळं दिसतं का गं?" नाही दिसत. शरीराचं जवळजवळ उघडं चित्र दाखवणारी एक्स-रे यंत्रं तिथल्या विमानतळांवरून २०१३ मध्येच गेली. आताची मिलिमीटर लहरींवर, म्हणजे एक प्रकारच्या रेडिओ लहरींवर चालतात. पडद्यावर सगळ्यांची सारखीच बाहुलीछाप आकृती येते आणि शंकेच्या जागी पिवळा चौकोन. या लहरींमध्ये एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नसतो. तो थोडाफार उंचावरच्या विमानप्रवासातच मिळतो, आणि त्याची काळजी आपण कुणीच करत नाही!

खिसे पूर्ण रिकामे करा, रुमालसुद्धा काढा. साडीच्या जाड निऱ्या नि पिनांमुळे चौकोन उमटू शकतो, म्हणून मी आईला प्रवासात पंजाबी ड्रेसच घालायला लावते.

स्कॅनर नकोच असेल तर आत शिरण्याआधी "ऑप्ट आउट" एवढंच म्हणा. बहुतेक वेळा ऐकतात. मग हाताने तपासतात, बाईला बाईच. संकोच वाटला तर वेगळी खोली मागा. सोबत घरचं माणूस नेता येतं. वेळ लागतो, तेवढा हाताशी ठेवा.

पेसमेकर असेल तर आधीच सांगा. इन्सुलिन पंपवाल्यांनी कंपनीची सूचना घरीच वाचावी. काही पंप स्कॅनरमध्ये न्यायचे नसतात.