ओएलईडी स्क्रीनला हात लावायच्या आधी या चुका टाळा

"ओएलईडीचा बॅकलाइट गेलाय, बदलून मिळेल का?" हा प्रश्न अजूनही येतो. अहो, त्यात बॅकलाइट, म्हणजे मागून उजेड देणारा दिवा, नसतोच! प्रत्येक सबपिक्सेल (पिक्सेलमधला एका रंगाचा बारीक ठिपका) स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं असेल तर चक्क बंद होतो. आणि क्यूएलईडी म्हणून विकतात तो टीव्ही शेवटी एलसीडीच, म्हणजे बॅकलाइटवाला, नावावर जाऊ नका.

सगळ्यात जास्त वाट लागते ती फुटलेली काच घरी काढताना. आत काय आहे ते आधी बघा ना: खाली टीएफटीचं (पिक्सेल चालवणाऱ्या बारीक ट्रान्झिस्टरचं) सर्किट, त्यावर ॲनोड (धन टोक), मग होल म्हणजे धन भार वाहून नेणारे थर, मधे उजेड देणारा थर, मग इलेक्ट्रॉन वाहून नेणारे थर आणि वर कॅथोड (ऋण टोक). मधले सेंद्रिय थर सगळे मिळून साधारण 100 ते 200 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी, आणि त्यांना ओलावा अजिबात चालत नाही म्हणून वरून सील केलेलं असतं. एका पोराने व्हिडिओ बघून हीट गन मारली, गोंद सुटेना म्हणून पत्ती आत सारली. काच निघाली, स्क्रीनही लागली, स्वारी खूश. तो फोन माझ्याकडे दुरुस्तीला आला तेव्हा कोपऱ्यात बारीक काळा ठिपका होता. म्हटलं हा पसरणार, डिस्प्ले बदल, तर त्याला वाटलं मी पार्ट खपवायला बघतोय. नंतर परत आला तेव्हा अर्धा कीबोर्ड काळा. सीलला चीर गेली की ओलावा आत शिरतो आणि ते थर मरत जातात, मग वरून काहीही चिकटवा, उपयोग शून्य. नुसती काच बदलणारे कसबी लोक आहेत, पण त्यांच्याकडे मशिन असतं आणि घाई नसते. मी आधी काचेवर टेप लावतो, डेटाचा बॅकअप घ्यायला लावतो आणि सरळ पूर्ण डिस्प्ले बदलतो.

दुसरं, बर्न-इन, म्हणजे जुन्या चित्राचा डाग स्क्रीनवर कायम दिसत राहणं. यात काही जळत नाही, उजेड देता देता पदार्थ झिजतो. चॅनलचा लोगो दिवसभर एकाच जागी असेल तर तिथले पिक्सेल जास्त झिजतात आणि फिके पडतात, त्यात निळा सगळ्यात आधी, म्हणूनच बऱ्याच फोनमध्ये निळा सबपिक्सेल मुद्दाम मोठा ठेवतात. रंग बदलणारे 'बर्न-इन घालवा' व्हिडिओ रात्रभर लावणाऱ्यांना कळकळीने सांगतो, झिजलेलं परत भरून येत नाही, उलट चांगले पिक्सेलही झिजतात! बरेच ओएलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये पिक्सेलची तपासणी आणि भरपाई करतात, आणि लोक नेमका तेव्हाच मेन स्विच बंद करतात. तो चालू राहू द्या. मेन्यूतला पिक्सेल रिफ्रेश मात्र दर आठवड्याला हाताने चालवू नका, टीव्ही सांगेल तेव्हाच. मी ब्राइटनेस कमी ठेवतो, बस्स. 2024 च्या आयपॅड प्रोमध्ये उजेडाचे दोन थर एकावर एक आहेत, तेवढ्याच उजेडासाठी प्रत्येकावर ताण कमी, तरी झीज पूर्ण थांबत नाही.

कॅमेऱ्यात पट्टे दिसले म्हणून पॅनल खराब नसतं, ब्राइटनेस कमी करायला पिक्सेल भराभर चालू-बंद होतात म्हणून ते दिसतं.

ओरखडा गेला पाहिजे म्हणून पोलरायझर (प्रकाश गाळणारी पातळ फिल्म) सोलू नका, तो निघाला की आतल्या धातूच्या थरावरून बाहेरचा उजेड परत येतो आणि काळ्या जागी स्वतःचंच तोंड दिसतं.

पुसताना स्प्रे कापडावर मारा, स्क्रीनवर नाही.