फोनवरून पॉडकास्ट: रेकॉर्डिंगपासून फीडपर्यंत

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीतले बारकावे सांगणारा दिंडोरीचा बागायतदार असो की पंचवटीतल्या वाड्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या आजी, दहा मिनिटांचा भाग करायला साधा स्मार्टफोन पुरतो. आवाज बिघडवते ती बहुतेक वेळा खोली. दोष मात्र अ‍ॅपला मिळतो.

म्हणून आधी जागा. टाइल्सची फरशी आणि मोकळ्या भिंती असल्या की आवाज घुमतो आणि तो घुमारा नंतर नीटसा काढता येत नाही. गाद्या, पडदे असलेली खोली निवडा; कपड्यांचं कपाट उघडून त्याकडे तोंड करून बसलात तर आणखी चांगलं. पंखा बंद. फ्रिजची घरघर ऐकू येत असेल तर तोही बंद करा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे पुन्हा सुरू करायचं विसरत नाही. नाशिकच्या द्वारका किंवा कॉलेज रोडच्या तोंडावर घर असेल, तर हॉर्न थांबेपर्यंत वाट पाहण्याला पर्याय नाही.

फोन एअरप्लेन मोडवर टाका, कारण मध्येच कॉल आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं. रेकॉर्डर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये वेव्ह (WAV) फॉरमॅट, ४४.१ किलोहर्ट्झ आणि मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा आवाज, निवडा. मिनिटाला साधारण ५ एमबी जागा लागते. फोनचा मुख्य माइक बहुधा चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. तो बोटाने झाकू नका. तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरा. अगदी समोर धरला की प, फ, भ म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळून धप्प असा आवाज येतो. लेव्हल दाखवणारी पट्टी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. हळू आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज गेलाच समजा. सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहा. ती शांतता पुढे खरखर काढताना नमुना म्हणून वापरता येते.

ब्लूटूथ इअरफोनचा माइक टाळा; आवाज फोनवर बोलल्यासारखा बारीक येतो. कॉलर माइक घेताना ३.५ मिलिमीटरची पिन पाहून घ्या. फोनला तीन काळ्या पट्ट्यांची लागते. दोन पट्ट्यांची कॅमेऱ्याची असते, ती लावली तर फोन आपलाच माइक वापरत राहतो आणि हे घरी येऊन ऐकेपर्यंत कळत नाही. रामकुंडावर किंवा द्राक्षबागेत मुलाखत घ्यायची असेल, तर माइकला स्पंजची टोपी हवीच. बागेत औषध फवारणीचा ब्लोअर सुरू असेल तर सरळ थांबा. कुठेही आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून वायरच्या इअरफोनने ऐका.

एडिटिंग थोडकंच: पुढचं-मागचं कापा, खरखर कमी करा, पण जोर लावू नका, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. लाउडनेस, म्हणजे भागाचा एकूण मोठेपणा, उणे १६ लफ्सच्या (LUFS, तो मोजायचं एकक) जवळ आणा. मग फाइल मोनो एमपी३ मध्ये, ९६ केबीपीएस (सेकंदाला ९६ किलोबिट) वर काढा. दहा मिनिटांची फाइल सुमारे ७ एमबी होते. मूळ वेव्ह फाइल पुसू नका.

आता होस्टिंग, म्हणजे भाग इंटरनेटवर ठेवायची जागा. ‘स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स’ मोफत आहे. २०१९ मध्ये स्पॉटिफायने विकत घेतलेलं ‘अँकर’ ते हेच. तिथे फाइल चढवली की आरएसएस फीड, म्हणजे नवा भाग आला की आपोआप बदलणारी भागांची यादी, मिळतो, आणि त्याचा पत्ता ॲपल पॉडकास्टसारख्या ठिकाणी एकदाच द्यायचा. पुढचे भाग आपोआप पोचतात. फीडमध्ये घातलेला ई-मेल जगाला दिसतो, तेव्हा घरचा नको, वेगळा काढा. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. मुखचित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. अक्षरं ठसठशीत, कारण ते नखाएवढं दिसतं. मागे सिनेमाचं गाणं लावलं तर भाग उडू शकतो. ज्यांचा आवाज घेतलात त्यांची परवानगी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोलून घ्या.

गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं असेल, तर स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस नोट करू नका, दर्जा पार उतरतो. ‘डॉक्युमेंट’ निवडून एमपी३ फाइलच पाठवा आणि नावात विषय लिहा, म्हणजे महिन्याभरानं शोधणाऱ्यालाही ती सापडते.