पहिल्या क्रूझला निघताना खांद्यावरची पिशवी नीट भरा

नाशिकहून मुंबईच्या क्रूझला जायचं तर शक्यतो आदल्या दिवशीच मुंबई गाठा. कसारा घाटात एखादा ट्रक बंद पडला की दोन तास कुठे जातात कळत नाही, आणि जहाज म्हणजे काही हात दाखवून थांबणारी एसटी नव्हे. त्याच दिवशी निघणं भाग असेल तर नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस बरी. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीने जवळच.

खरी गोम सामानात आहे. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात आणि खोलीच्या दाराशी यायला कधीकधी संध्याकाळ होते. आम्ही सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या नेमक्या मोठ्या बॅगेत टाकल्या होत्या. दुपारभर त्यांच्याकडे बघायची सोय नव्हती! तेव्हा औषधं, मूळ ओळखपत्र, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत. इस्त्री, किटली घरीच ठेवा, तपासणीत काढून घेतात. चिवड्याचा डबा नेण्याआधीही नियम बघा.

उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, जहाज हलण्याआधीच घ्यायची. खोली निवडता आली तर खालच्या मजल्यावरची, मधली. तिथे हेलकावे कमी. आणि किनारा दिसेनासा होण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाका, जहाजावरच्या नेटवर्कचं बिल भलतंच येतं.