एकाच सिंथमध्ये अनेक वाद्ये: मिडीची वाट आणि आवाजाची वाट

एकच सॉफ्टवेअर सिंथ (संगणकावर वाद्यांचे आवाज तयार करणारा प्रोग्रॅम) उघडून त्यात पियानो, बास, स्ट्रिंग्ज आणि ड्रम अशी चार वाद्ये भरायची आणि प्रत्येक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवरून वाजवायचे, या पद्धतीला मल्टिटिम्ब्रल मांडणी म्हणतात. वाद्ये भरणे सोपे असते. घोळ होतो तो जोडणीत. ट्रॅकवरचे सूर मिडी संदेशांच्या, म्हणजे कोणता सूर कधी वाजवायचा या सूचनांच्या, रूपाने प्लगइनकडे, म्हणजे त्या सिंथकडे, जातात आणि तिथे तयार झालेला आवाज ऑडिओच्या रूपाने मिक्सरकडे परत येतो. या दोन वाटा पूर्णपणे वेगळ्या आहेत आणि दोन्ही आपल्यालाच जोडाव्या लागतात. पहिली पूर्ण जोडून, तपासून, मगच दुसरीला हात घालावा.

त्याआधी ही मांडणी खरोखर हवी आहे का, हे ठरवावे. प्रत्येक वाद्यासाठी त्याच प्लगइनची वेगळी प्रत उघडणे हा सरळ पर्याय आहे आणि पाच-सहा वाद्यांच्या कामाला मी तोच सुचवेन. ध्वनिमुद्रणाचे बहुतेक प्रोग्रॅम वेगवेगळ्या ट्रॅकवरच्या प्लगइनचे काम प्रोसेसरच्या निरनिराळ्या कोअरवर वाटून देऊ शकतात. एकाच प्लगइनमध्ये सगळे कोंबले, तर ती वाटणी करणे त्या प्लगइनच्याच हाती राहते. मात्र वाद्यांची संख्या मोठी असेल, सगळी वाद्ये एकाच खिडकीत डोळ्यांसमोर हवी असतील किंवा जुळवलेला संच एकाच फाइलमध्ये जतन करून पुढच्या कामात तसाच उघडायचा असेल, तर मल्टिटिम्ब्रल मांडणीसाठी घेतलेले कष्ट वाया जात नाहीत.

आता मिडीची वाट. १९८३ साली आलेल्या मिडी मानकाने एका जोडणीवर १६ चॅनल दिले आणि ती मर्यादा आजच्या प्लगइनमध्येही दिसते. काँटॅक्ट या प्लगइनमध्ये ६४ वाद्ये भरता येतात, ती ए, बी, सी आणि डी या प्रत्येकी १६ चॅनलच्या चार पोर्टच्या, म्हणजे चार स्वतंत्र मिडी जोडण्यांच्या, बळावर. परंतु प्लगइन म्हणून उघडल्यावर अनेकदा पहिल्या पोर्टपर्यंतच पोहोचता येते, म्हणून १६ हाच आकडा धरून चालावे. ऑम्निस्फिअर या सिंथमध्ये वाद्ये भरण्यासाठी आठ भाग असतात. प्रत्येक वाद्याला एक चॅनल ठरवून द्यावा आणि तो कागदावर लिहून ठेवावा: पियानो १, बास २, स्ट्रिंग्ज ३, ड्रम १०. ड्रमना १० देण्याची रीत १९९१ च्या जनरल मिडी मानकातून आली आहे. ती पाळलीच पाहिजे असे नाही, पण बाहेरून आणलेल्या मिडी फाइलमध्ये तालवाद्ये बहुधा याच चॅनलवर असतात, त्यामुळे पुढे त्रास वाचतो.

प्लगइनमध्ये प्रत्येक वाद्यापुढे त्याचा मिडी चॅनल दाखवणारा रकाना असतो. तिथे ‘ऑम्नी’ असा शब्द दिसला, तर ते वाद्य कोणत्याही चॅनलवरच्या सुरांना प्रतिसाद देते. मी पहिल्यांदा ही मांडणी केली तेव्हा पियानोच्या प्रत्येक सुराबरोबर खालून बासही घुमत होता आणि मी संध्याकाळभर ट्रॅकची जोडणी उलटसुलट करत बसलो. बासचा रकाना ऑम्नीवर राहिला होता, एवढेच कारण होते. म्हणून वाद्य भरल्याबरोबर सर्वप्रथम हा रकाना पाहावा.

रीपर या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये हे कसे करायचे ते बारकाईने पाहू. एक ट्रॅक घेऊन त्यावर प्लगइन टाकावा आणि त्याला ‘सिंथ’ असे नाव द्यावे. मग वाद्यागणिक एक रिकामा ट्रॅक तयार करून त्याचा सेंड (एका ट्रॅकवरून दुसऱ्याकडे जाणारी जोडणी) सिंथ ट्रॅककडे न्यावा. सेंडच्या खिडकीत ऑडिओच्या जागी ‘नन’ निवडावे, कारण या वाटेने फक्त मिडी जायचे आहे. आणि मिडीच्या जागी डावीकडे ‘ऑल’, तर उजवीकडे त्या वाद्याचा चॅनल निवडावा. बासच्या ट्रॅकवर उजवीकडे २ असेल, तर कीबोर्ड चॅनल १ वर सूर पाठवत असला, तरी प्लगइनपर्यंत ते २ वरच पोहोचतात. ट्रॅक आर्म (ध्वनिमुद्रणासाठी सज्ज) करावा, इनपुटमध्ये कीबोर्ड निवडावा, मॉनिटरिंग चालू करावे आणि एक सूर दाबावा. फक्त बास वाजला, तरच पुढच्या वाद्याकडे वळावे. चारही ट्रॅक एकदम जोडून शेवटी ऐकून पाहिले, तर चूक कुठे आहे हे शोधण्यात अधिक वेळ जातो.

इथपर्यंत सगळी वाद्ये एकाच स्टिरिओ आउटपुटमधून एकत्र ऐकू येतात. प्रत्येकाला वेगळा इक्वलायझर, वेगळा रिव्हर्ब द्यायचा असेल, तर आवाजाची वाट फोडावी लागते. प्लगइनच्या आउटपुट विभागात हव्या तितक्या स्टिरिओ जोड्या तयार करून पियानो पहिल्या जोडीवर, बास दुसऱ्या जोडीवर असे वाटप करावे. रीपरमध्ये सिंथ ट्रॅकच्या ऑडिओ चॅनलची (मिडी चॅनलची नव्हे) संख्या त्या हिशेबाने वाढवावी लागते: चार जोड्यांना आठ. मग ३/४, ५/६ आणि ७/८ या जोड्या सेंडने तीन नव्या ट्रॅककडे न्याव्यात आणि त्या सेंडमध्ये मिडी बंद ठेवावा. पहिली जोडी सिंथ ट्रॅकवरूनच मास्टरकडे, म्हणजे अंतिम आउटपुटकडे, जाते.

हे परतीचे ट्रॅक नवे असावेत, हे आवर्जून सांगावेसे वाटते. बासचे सूर ज्या ट्रॅकवर आहेत, त्याच ट्रॅकवर बासचा आवाज परत आणण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे तो ट्रॅक सिंथकडे पाठवतो आणि सिंथकडूनच घेतो, असे वर्तुळ तयार होते. रीपर असे वर्तुळ सहसा जुळू देत नाही आणि प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये फीडबॅकची मुभा देऊन ते जबरदस्तीने जुळवणे शहाणपणाचे नाही. इतर प्रोग्रॅमचे पाहायचे तर, लॉजिकमध्ये मल्टिआउटपुट प्रकारात प्लगइन उघडून मिक्सरमधल्या चॅनल पट्टीवरचे अधिकचे चिन्ह दाबले, की परतीच्या पट्ट्या तयार होतात. क्यूबेसमध्ये प्लगइन रॅक इन्स्ट्रुमेंट म्हणून उघडून त्याची जादा आउटपुट सुरू करावी लागतात. वाटा मात्र सगळीकडे त्याच दोन.

आवाजाच्या पातळीबाबत एक गफलत वारंवार होते. मिडी ट्रॅकवरचा फेडर (पातळी बदलणारी सरकपट्टी) काही प्रोग्रॅममध्ये कंट्रोलर ७ चा संदेश पाठवतो आणि त्यामुळे प्लगइनमधल्या त्या वाद्याचा व्हॉल्यूम बदलतो. परतीच्या ट्रॅकवरचा फेडर तयार आवाजाची पातळी बदलतो. दोन्ही ठिकाणी थोडे थोडे फिरवत राहिलो, तर वाद्य नेमके कुठे दबले आहे ते कळत नाही. प्लगइनमधले व्हॉल्यूम एकदा ठरवून तसेच ठेवावेत आणि मिक्स परतीच्या ट्रॅकवरच करावा.

शेवटी फ्रीझविषयी. प्रोसेसरवरचा भार कमी करण्यासाठी सिंथ ट्रॅक फ्रीझ केला, म्हणजे त्याचा आवाज तात्पुरता ऑडिओ करून ठेवला, तर त्यातली सगळीच वाद्ये एकत्र गोठतात आणि मग फक्त बासचा एक सूर बदलायचा असला, तरी सगळे पुन्हा उघडावे लागते. म्हणून ज्या वाद्यावर अजून काम चालू आहे ते या संचात न ठेवता वेगळ्या प्रतीत ठेवावे आणि पक्के झाल्यावर संचात आणावे. जोडणी पूर्ण झाली, की एकही सूर ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी ती ट्रॅक टेम्प्लेट म्हणून जतन करावी.