धरणात होडीमागे लूर ओढताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की मला फोन येऊ लागतात. "काका, रॉड घेतला, रील घेतलं, सहा लूर घेतले. दोन रविवार होडी फिरवली, एकदाही ओढ नाही." लूर म्हणजे गळ लावलेलं नकली आमिष. मग मी तीन प्रश्न विचारतो. धरण उन्हाळ्यात पाहिलं होतं का? दोरा किती सोडला होता? ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोरा किती जोराला सुटावा ती रीलची पकड, किती ठेवला होता? पहिल्याचं उत्तर "नाही", दुसऱ्याचं "अंदाजे", तिसऱ्याचं "घट्ट". दरवर्षी हेच. पवना, मुळशी, भाटघर या पाण्यांवर वल्ह्याच्या होडीतून लूर ओढत मी बरीच वर्षं काढली आहेत. तेवढ्या जोरावर सांगतो, लूरचा दोष फार क्वचित असतो.

आधी परवानगीचं बोलतो. धरण पाटबंधारे खात्याचं असो की खासगी कंपनीचं, होडी घालण्याआधी विचारायचं. मासेमारीचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिलाही विचारायचं. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे. त्यांच्या जाळ्यांवरून लूर ओढणाऱ्याला मी माझ्या होडीत घेत नाही.

तळ न पाहता होडी घालणे

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि पुणेकराला तर तिच्यासाठी काही सबबच नाही. आपली धरणं मे अखेरीस इतकी उतरतात की त्यांचा तळ चालत पाहता येतो. पवनेत वाघेश्वराचं मंदिर उघडं पडतं, भाटघरला कांबरेश्वराचं. ती पाहायला गाड्या भरभरून लोक जातात. मासेमाराने मंदिरात हात जोडावेत आणि मग मागे वळून आजूबाजूची जमीन बघावी. नदीचं जुनं पात्र कुठून वळतं, शेतांचे बांध कुठे आहेत, घरांची जोती, विहिरी, तोडलेल्या आंब्यांचे बुंधे कुठे आहेत? दिवाळीनंतर मासा याच जागांच्या आसऱ्याला असतो आणि लूरही याच जागांवर अडकतो.

माझ्या भाच्याने हे ऐकलं नव्हतं. नोव्हेंबरातली सकाळ होती, त्याने पाच मीटर खोल जाणारा लूर लावला आणि एका उथळ टापूवरून तीनदा होडी नेली. तीन फेऱ्यांत तीन लूर गेले. प्रत्येक वेळी लूर अडकला की तो रॉड वाकवून जोरात ओढायचा, मी थांब म्हणेपर्यंत दोरा तुटायचा. पुढच्या मे महिन्यात त्याला घेऊन मी त्याच टापूवर चालत गेलो. तिथे जुनी आमराई होती. दहा-बारा बुंधे, काही माझ्या छातीइतके उंच. त्यांतल्या दोन बुंध्यांवर त्याचे दोन लूर लटकत होते, गळ गंजून लाल झालेले. तो बराच वेळ गप्प उभा होता. त्या दिवसापासून तो वही ठेवतो.

वहीत काय लिहायचं? मी दोन खुणा एका रेषेत धरतो. तिकोन्याचा माथा आणि किनाऱ्यावरचा वड एका ओळीत आले, आणि दुसऱ्या बाजूला तुंगाची सोंड देवळाच्या कळसावर आली, की माझ्याखाली नदीचं जुनं वळण आहे. जुनी कोळी माणसं हेच करत आली आहेत. फोनवर जागा साठवा, माझी हरकत नाही, पण फोन भिजतो आणि त्याची बॅटरी संपते. डोंगर जागचा हलत नाही.

लूर अडकलाच तर ओढू नका. होडी वळवा, अडकलेल्या जागेच्या पलीकडे जा आणि ज्या दिशेने लूर आत शिरला त्याच्या उलट दिशेने हलके झटके द्या. दहातले बरेच सुटतात.

ड्रॅग कुलूप लावल्यासारखा घट्ट

"सैल ठेवला तर मासा दोरा घेऊन जाईल ना?" हो. घेऊन जाऊ द्यायचाच आहे. दोरा माशाला द्यायचा आणि परत घ्यायचा, यासाठीच तर रील आहे.

मुळशीच्या पाण्यावरची गोष्ट. माझा एक मित्र, रॉड नवा, दोरा बारा किलो पेलणारा, वेणीचा. निघताना मी ड्रॅग तपासायला हात पुढे केला तर म्हणाला, "केलाय मी सगळा सेट." वल्ह्यावर तिथले तात्या होते. उजाडायच्या सुमारास नाल्याच्या तोंडाशी रॉड एकदम पाण्यापर्यंत वाकला. रीलमधून दोरा सुटल्याचा आवाज आलाच नाही. दोन सेकंद रॉड वाकलेला राहिला आणि मग सरळ झाला. लूर परत आला तेव्हा मागचा तीनतोंडी गळ उलगडून जवळजवळ सरळ झाला होता. मित्र हळहळत होता. तात्यांनी वल्ही आत घेतली, लूर हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "मासा गेला तर जाऊ दे. त्याच्या तोंडात काही तुटून राहिलं नाही ना, ते बघ." गळ वाकला होता, पण पूर्ण होता. तेव्हा कुठे तात्यांनी पुन्हा वल्ही टाकली.

असं का होतं ते समजून घ्या. महाशीर आपली निम्मी ताकद पहिल्या धावेत लावतो. लूर ओढत असताना होडी पुढे जात असते आणि मासा मागे, म्हणजे दोन्ही ओढी एकमेकींत मिळतात. वेणीचा दोरा नायलॉनच्या तंगुसासारखा ताणत नाही. मग सगळा झटका सगळ्यात कमकुवत जागी बसतो, गाठीवर नाहीतर गळावर.

माझी सवय सोपी आहे. घरात गॅलरीत रॉड वाकवून धरायचा आणि दोऱ्याच्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावायचा. दोरा पेलतो त्याच्या पाव वजनाला ड्रॅग सुटायला हवा. दहा किलोच्या दोऱ्याला अडीच किलो. बोटांनी ओढून "बरोबर वाटतंय" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण मी स्वतः बोटांनी पाहिलं आणि नंतर काट्यावर मोजलं, तर दर वेळी वेगळा आकडा येतो. सहल संपली की ड्रॅग पूर्ण सैल करून रील ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात.

गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच तंगूस मरतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. लूर थेट लांब सोडू नका. आधी होडीच्या कडेला दोन हातांवर पाण्यात ओढून पाहा. तो सरळ, थरथरत चालला पाहिजे. एका बाजूला पळत असेल तर तोंडाजवळची कडी विरुद्ध बाजूला अगदी किंचित वाकवा. चमच्यासारखा फिरणारा लूर असेल तर स्विव्हल, म्हणजे दोऱ्यातली फिरती कडी, हवंच, नाहीतर तासाभरात दोऱ्याला पीळ बसून गुंता होतो. दोरा किती सोडला ते मोजा. मी तीस मीटरवर लाल दोऱ्याची बारीक गाठ मारून ठेवतो. ज्या लांबीवर ओढ आली, तीच लांबी पुन्हा सोडता यायला हवी.

सतत एका रेषेत वल्हवू नका, नागमोडी जा. वळणावर बाहेरचा लूर वेग घेतो आणि आतला मंदावतो. ओढ कोणत्या लूरला आली ते पाहा, म्हणजे त्या दिवशी माशाला कोणता वेग हवा आहे ते कळतं. घाईने वल्ही मारणाऱ्यांना हे कधीच कळत नाही.

कटला आणि रोहूसाठी लूर ओढू नका. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू बहुतेक वनस्पतींवर जगतो. त्यांच्यासाठी काठावर बसा, पेंड आणि कणीक मळा. लूर महाशीर, शिवडा, मरळ अशा शिकारी माशांसाठी.

आणि अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांचे व्हिडिओ पाहून चार-पाच किलोचे शिशाचे गोळे मागवू नका. मिशिगन सरोवरात 1966 मध्ये कोहो सॅमन सोडला गेला. तिथे उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं तेव्हा सॅमन आणि ट्राउट साधारण 10 ते 13 अंशांचं गार पाणी शोधत खोल जातात. म्हणून तिथे गोळ्याने लूर खोल न्यावा लागतो. ते त्या पाण्याचं शहाणपण आहे. आपल्या धरणांत तापलेल्या दिवसांत तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी पडू शकतो. मासा बहुधा वरच्या थरात, ओढ्यांच्या तोंडाशी आणि बांधांच्या कडेला असतो.

लाइफ जॅकेट अंगात हवं, पाटाखाली नको. दुपारनंतर घाटावरून वारा सुटला की लाटा बघता बघता उठतात. जॅकेट न घालणाऱ्या पाहुण्याला मी किनाऱ्यावर ठेवून गेलो आहे, आणि तो रागावला तरी पुन्हा ठेवीन.

शेवटी महाशीरबद्दल. विल्यम साइक्सने 1839 मध्ये दख्खनच्या महाशीरचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज बंडगार्डनच्या पुलावरून खाली पाहिलं की हे आठवून मला फार वाईट वाटतं. म्हणून धरणात जो मासा हाती येतो तो मी परत सोडतो. गळाच्या टोकामागचा उलटा काटा घरीच पकडीने दाबून घ्या. माशाला हात लावण्याआधी हात ओले करा, कोरड्या फडक्यात धरू नका, त्याने अंगावरचा चिकट थर निघून जातो. फोटो हवा असेल तर पाण्यालगत, एकच. मग त्याला दोन्ही हातांनी पाण्यात सरळ धरून ठेवा. कधी अर्धा मिनिट लागतो, कधी पाच. शेपटीने जोर लावून तो स्वतः हातातून निघेपर्यंत सोडू नका.