पोतं एक, नोंदी तीन : दूध संस्थेच्या हिशेबातून ट्रान्झॅक्शन

दूध संस्थेच्या काउंटरवरून सभासद सरकी पेंडीचं एक पोतं उधारीवर नेतो. सेक्रेटरीच्या लेखी ही एकच गोष्ट. संगणकात मात्र तीन ठिकाणी हात लागतो: साठ्यातून पोतं कमी होतं, सभासदाच्या खात्यावर रक्कम नावे पडते आणि पावतीची नवी ओळ तयार होते. यातल्या दोन झाल्या आणि तिसरी राहिली, तर दहा दिवसांचं बिल निघतं त्या सकाळी काउंटरवर आवाज चढणारच. "आवं म्याडम, पोतं दिलंच न्हाई, मग नावावर पडलं कसं?" अशा नोंदी झाल्या तर सगळ्या, नाहीतर एकही नाही, असं एकत्र बांधलेलं काम म्हणजे ट्रान्झॅक्शन.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून करवीर, पन्हाळा, भुदरगडकडच्या संस्थांची सॉफ्टवेअरं करते. कामाला येणाऱ्या नव्या पोरापोरींना ट्रान्झॅक्शनचे चारही गुणधर्म, म्हणजे ॲसिड, पाठ असतात. अॅटोमिसिटी (सगळं किंवा काहीच नाही), कन्सिस्टन्सी (नियम मोडत नाहीत), आयसोलेशन (एकाचं काम दुसऱ्याच्या मध्ये येत नाही), ड्युरेबिलिटी (झालेलं टिकतं) असं धडाधड म्हणून दाखवतात. पण या स्क्रीनवर ट्रान्झॅक्शन कुठं सुरू करायचं आणि कुठं संपवायचं, असं विचारलं की सेव्हच्या बटणाकडे बोट जातं. ही हद्द बटण ठरवत नाही, काउंटरवरचा धंदा ठरवतो. म्हणून पहिलं काम कागद-पेन घेऊन सेक्रेटरीसमोर बसून करायचं, आणि प्रत्येक कामाबद्दल एकच प्रश्न विचारायचा: यातलं अर्धंच झालं तर चालेल का? "नाही" म्हणाले की ते सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये. "चालतंय की" म्हणाले की वेगळं.

पण त्याआधी टेबलं नीट पाहिजेत.

टेबलं

१९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. त्याचं सार असं की माहिती टेबलांत ठेवा, आणि ती डिस्कवर कुठं कशी पडली आहे याची फिकीर प्रोग्रॅमने करायची नाही. आपल्याला लागणारी टेबलं थोडीच आहेत: सभासद, संकलन, दरपत्रक, खाद्यसाठा, खाते, पावती. सभासदाचं नाव फक्त सभासद टेबलात राहील, बाकी सगळीकडे त्याचा आयडी. इथपर्यंत कॉलेजात शिकवतात तसंच.

पुढचं शिकवत नाहीत. सभासद नंबर प्रायमरी की (ओळीची कायमची ओळख) करू नका. सभासद वारला की तोच नंबर मुलाच्या नावावर होतो, आणि बापाची उधारी मुलाच्या खात्यात जाऊन बसते. आतला आयडी वेगळा ठेवा, नंबर हा नुसता कॉलम. तसंच 'एका सभासदाची एका वेळेला एकच नोंद' असा युनिक नियम घालण्याआधी विचारून घ्या. म्हशीची किटली अगोदर आणि गाईची मागाहून, किंवा एकाच घरातून दोन खेपा, हे रोजचं आहे.

संकलनाच्या ओळीत लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) यांच्याबरोबर त्या वेळचा दर आणि रक्कमही लिहा. दर तर दरपत्रकात आहेच, मग तो पुन्हा कशाला, असं नॉर्मलायझेशन (एक गोष्ट एकाच जागी लिहायची रीत) शिकून आलेली मुलगी विचारते, आणि ते बरोबर विचारते. उत्तर असं की दरपत्रक उद्या बदलेल, पण आज सकाळी ६.५ फॅटला जो दर दिला तो बदलणार नाही. ती घडून गेलेली गोष्ट आहे, नक्कल नव्हे.

पैसे आणि फॅट यांना फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नका. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत, आणि तीनशे सभासदांच्या बेरजेत तो फरक पैशा-पैशाने वर येतो. न्यूमरिक किंवा डेसिमल घ्या.

नियम डेटाबेसमध्येच लिहा: साठा शून्याच्या खाली नको, खात्याची ओळ खऱ्या सभासदाचीच हवी. प्रोग्रॅममध्ये तपासतोय की, म्हणून सोडू नका, कारण कुणीतरी थेट टेबलात हात घालतोच. इथे दोन खड्डे आहेत. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेकचा नियम ('साठा शून्याखाली नको' असला) निमूट वाचतात आणि पाळत नाहीत. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये फॉरेन की ('ओळ खऱ्या सभासदाचीच हवी' असला नियम) साधारणपणे बंदच असते, दर कनेक्शनला ती चालू करावी लागते. आणि जुन्या मायएसक्यूएलवर चालणारं काम हातात आलं तर टेबलं मायआयसॅम या प्रकारची आहेत का ते आधी बघा. मायआयसॅमला ट्रान्झॅक्शन कळतच नाही. तुम्ही रोलबॅक (झालेलं मागे घे) म्हणाल, ते मान हलवेल, आणि झालेलं तसंच राहील. टेबलं इनोडीबी या ट्रान्झॅक्शन पाळणाऱ्या प्रकारात बदलून घेतल्याशिवाय पुढचं काही वाचू नका.

हद्द आखणं

आता सेक्रेटरीकडून आलेला कागद. माझ्या अनुभवात तो साधारण असा निघतो.

खाद्याचं पोतं: तिन्ही नोंदी एकत्र, त्यात तडजोड नाही.

दूध संकलन: एक ओळ, तेच ट्रान्झॅक्शन. सभासदाला जाणारा मेसेज आणि छापली जाणारी पावती मात्र बाहेर. कागद अडकला म्हणून ओतलेलं दूध परत किटलीत जात नाही. शिवाय ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून प्रिंटरची, वजनकाट्याची, इंटरनेटची किंवा माणसाची वाट बघणं म्हणजे तेवढा वेळ कुलपं धरून बसणं, म्हणजे त्या ओळी दुसऱ्याला बदलू न देणं. दुसरा काउंटर तिष्ठत राहतो. मेसेज चुकायलाही नको असेल तर 'पाठवायचे मेसेज' असं एक टेबल करा. संकलनाबरोबर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्यात एक ओळ टाका, आणि खरा मेसेज दुसरा प्रोग्रॅम सवडीने पाठवेल.

दहा दिवसांचं बिल: यावर माझ्याकडे दरवेळी वाद होतो. सगळ्या सभासदांची बिलं एकाच मोठ्या ट्रान्झॅक्शनमध्ये काढावीत असं नव्या माणसाला वाटतं. मी सभासदागणिक एक ट्रान्झॅक्शन करते. एकाच्या खात्यात घोळ असला म्हणून बाकी गावाची बिलं अडायला नकोत. मात्र ज्या संकलनाच्या ओळी बिलात धरल्या त्यांच्यावर बिल नंबर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचा. मग मध्येच वीज गेली आणि सगळं पुन्हा चालवलं तरी ज्यांची बिलं निघाली ती दुसऱ्यांदा निघत नाहीत.

पोत्याचं ट्रान्झॅक्शन, ओळीओळीने

पोस्टग्रेस काय आणि मायएसक्यूएल काय, तुम्ही बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू) म्हटलं नाहीत तर प्रत्येक विधान आपापलं कमिट (पक्कं) होतं. तीन विधानं लिहिली म्हणजे एक ट्रान्झॅक्शन झालं असं नव्हे. काही लायब्रऱ्यांचं उलट असतं. पायथनमधून पोस्टग्रेसशी बोलणारी सायकोपीजी स्वतःच ट्रान्झॅक्शन उघडते, आणि कमिट न करता कनेक्शन बंद केलंत की लिहिलेलं सगळं गेलं. आपली लायब्ररी कुठल्या जातीची ते पहिल्याच दिवशी तपासा.

क्रम असा ठेवा.

बिगिन.
साठ्याची ओळ अपडेट करा: पोती बरोबर पोती वजा १, अट अशी की खाद्याचा आयडी हा आणि पोती किमान १.
किती ओळी बदलल्या ते बघा. शून्य असतील तर रोलबॅक, आणि स्क्रीनवर 'साठा संपला'.
खात्यात नावे ओळ टाका.
पावती नंबर घ्या, पावती लिहा.
कमिट.
मग छपाई.

दुसऱ्या ओळीकडे नीट बघा. बहुतेक जण आधी साठा वाचतात, प्रोग्रॅममध्ये एक वजा करतात आणि आलेला आकडा परत लिहितात. गोदामात शेवटचं पोतं आहे. दोन्ही काउंटरने वाचलं: १. दोघांनी लिहिलं: ०. पोतं एक आणि पावत्या दोन, आणि शून्याखाली न जाण्याचा नियमही गप्प, कारण आकडा शून्याखाली गेलाच नाही. वजाबाकी डेटाबेसकडूनच करून घेतली की दुसरा काउंटर पहिल्याच्या कमिटपर्यंत थांबतो, नंतर अट नव्याने तपासली जाते आणि त्याला शून्य ओळी मिळतात. वाचून विचार करायचाच असेल, समजा उधारीची मर्यादा बघायची असेल, तर सिलेक्टच्या (वाचायच्या विधानाच्या) शेवटी फॉर अपडेट लावा. ती ओळ तुमच्या कमिटपर्यंत तुमच्या कुलपात राहते.

आयसोलेशनच्या, म्हणजे एकाच्या चालू कामातलं दुसऱ्याला किती दिसतं याच्या, चार पातळ्या १९९२ च्या एसक्यूएल मानकात आल्या: रीड अनकमिटेड (कमिट न झालेलंही दिसू शकतं), रीड कमिटेड (कमिट झालेलंच दिसतं), रिपीटेबल रीड (एकदा वाचलेलं ट्रान्झॅक्शनभर तसंच दिसतं), सिरियलायझेबल (जणू एकामागून एक चालली). पोस्टग्रेस काही न सांगता रीड कमिटेड वापरतं, इनोडीबी रिपीटेबल रीड. नाव सारखं म्हणून वागणूक सारखी समजू नका. वाचून-मग-लिहिण्याचा वरचा घोळ रिपीटेबल रीडवर केलात तर पोस्टग्रेस दुसऱ्याला चूक दाखवून थांबवतं. इनोडीबीत तो फॉर अपडेटशिवाय बिनबोभाट पार पडू शकतो. रोजच्या कामाला रीड कमिटेड आणि योग्य जागी फॉर अपडेट मला पुरतं. अहवालाला मात्र रिपीटेबल रीड घ्या. वरची बेरीज एका क्वेरीने आणि खालचा तपशील दुसरीने येत असेल, आणि मधल्या क्षणी एक नोंद पडली, तर दोन्ही जुळत नाहीत आणि तासभर कॅल्क्युलेटर बडवत बसावं लागतं.

पावती नंबराचंही ऐका. ऑटो इन्क्रिमेंट किंवा सीक्वेन्सने दिलेला नंबर रोलबॅक झाला तरी परत येत नाही. ४१२ नंतर थेट ४१४. डेटाबेसच्या दृष्टीने यात काही बिघडलेलं नाही. लेखापरीक्षक मात्र ४१३ नंबरची पावती मागणारच. सलग नंबर हवे असतील तर 'क्रमांक' टेबलात एक ओळ ठेवा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती एकने वाढवा. त्या ओळीपाशी सगळे काउंटर रांगेत येतात, म्हणून ती पायरी शेवटी ठेवली आहे, म्हणजे कुलूप क्षणभरच लागतं.

रांग उलटसुलट झाली की डेडलॉक. एकाच्या पावतीवर आधी सरकी पेंड मग मका भरडा, दुसऱ्याच्या पावतीवर आधी भरडा मग पेंड. दोघं एकमेकांसाठी थांबले. पावतीवरचा क्रम काहीही असो, साठ्याच्या ओळी आयडीच्या चढत्या क्रमानेच अपडेट करा. आणि टेबलांचा क्रमही प्रत्येक स्क्रीनवर तोच: साठा, खाते, क्रमांक. एवढं करूनही कधीतरी डेडलॉक येतोच. डेटाबेस दोघांपैकी एकाला रद्द करतो. तेव्हा बिगिनपासून सगळं पुन्हा चालवायचं, मधूनच नाही. इनोडीबीत कुलपाची वाट बघण्याची मुदत संपली (न बदलल्यास ५० सेकंद) तर फक्त तेवढं विधान मागे जातं, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. तिथं रोलबॅक तुम्हालाच म्हणावा लागतो.

कमिट आणि पाऊस

कमिट झालं म्हणजे काय? तर बदलाची नोंद आधी लॉगमध्ये, आणि तो लॉग डिस्कवर पोचला. टेबलाची पानं नंतर सावकाश लिहिली जातात. वीज गेली तर चालू होताना लॉग वाचून राहिलेलं पुरं केलं जातं आणि अर्धवट होतं ते पुसलं जातं. वेग वाढवण्याच्या नादात कुणी इनोडीबीची लॉग डिस्कवर ढकलण्याची सेटिंग १ वरून ० किंवा २ वर नेली, तर वीज जाताना शेवटच्या सेकंदाभराची कमिटं जाऊ शकतात. भुदरगडात जुलै महिन्यात ही जोखीम घ्यायला मी कुणाला सांगणार नाही. एका संस्थेत संकलनाला लागतो तेवढा वेग १ वरही आरामात मिळतो.

पण कमिट म्हणजे बॅकअप नव्हे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्याही वर गेलं. डिस्कच पाण्याखाली गेल्यावर लॉग कोण वाचणार? रोज रात्री एक प्रत दुसऱ्या, उंचावरच्या गावी किंवा क्लाउडवर गेली पाहिजे. चालू डेटाबेसची फाइल कॉपी-पेस्ट करू नका, ती अर्ध्या ट्रान्झॅक्शनमध्ये सापडते. पोस्टग्रेसला पीजीडम्प, मायएसक्यूएलला सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्यायासह मायएसक्यूएलडम्प. आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून बघा.

तपासणी

डेटाबेसला थेट विधानं द्यायच्या दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत बिगिन म्हणून शेवटचं पोतं कमी करा आणि कमिट न करता थांबा. दुसरीत तेच करा. ती अडकून बसली पाहिजे. पहिलीत कमिट म्हणा, दुसरीत शून्य ओळी आल्या पाहिजेत. मग प्रोग्रॅममध्ये खात्याच्या ओळीनंतर मुद्दाम थांबा घाला, तिथं पोचल्यावर प्रोसेस मारा, आणि साठा, खाते, पावती तिन्ही बघा: काहीच बदललेलं नसावं.

शेवटी रोज रात्री चालणारी एक क्वेरी लिहा. दर खाद्यासाठी सुरुवातीचा साठा अधिक आवक वजा पावत्यांवरची पोती, आणि समोर साठ्यातला आकडा. ज्या खाद्याचं जुळत नाही तेवढीच ओळ बाहेर यावी. ओळ आली तर आकडा हाताने दुरुस्त करू नका; त्या दिवशीच्या पावत्या काढा आणि कुठली स्क्रीन बिगिन न म्हणता लिहिते ते शोधा.